टाचेच्या हाडातलं पाणी

प्रिय सुहास,

ताईच्या मुलीच्या दंडाच्या हाडात सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पोकळी, निघाली, हे तू फोनवर सांगितलंस, आणि माझ्या टाचेत नेमकं काय झालं होतं तेही विचारलंस. सध्या पाय उशीवर ठेवूनच बसायचं आहे, म्हणून निवांत लिहितो.

टाच दुखते म्हटलं की सगळ्यांना आधी प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं, आठवतो. साहजिकच आहे, बहुतेकांना तोच असतो. पण त्यात सकाळची पहिली पावलं जीव घेतात आणि चालल्यावर जरा सैल पडतं. माझं उलट. सकाळी ठीक, दिवसभर उभं राहिलो की संध्याकाळी ठणका. डॉक्टरांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबली, तर कळ अगदी आतून आली. मग एक्स-रे. टाचेच्या हाडाच्या पुढच्या भागात रेखीव कडांचा काळा डाग!

गंमत म्हणजे त्या जागी हाडाची जाळी मुळातच विरळ असते, कारण शरीराचा भार तिला वळसा घालून जातो. त्यामुळे धडधाकट माणसाच्या एक्स-रेतही तिथे फिकट दिसू शकतं. चरबीची गाठही नेमकी तिथेच होते. म्हणून एमआरआय. चरबी त्यात चरबीसारखीच दिसते. रक्ताने भरलेली, जास्त आक्रमक सिस्ट असेल तर द्रवाचे थर दिसतात. माझ्यात नुसतं एकसारखं पाणी होतं. साधी सिस्ट. कॅन्सर नव्हे, कुठे पसरतही नाही.

लहान आणि न दुखणारी असती तर अधूनमधून एक्स-रे काढून तिच्यावर नुसतं लक्ष ठेवलं असतं. माझी हाडाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत पोचलेली, शिवाय दुखणारी. हाड मोडायची वाट कशाला बघायची? बाहेरच्या बाजूने खिडकी पाडून पिवळसर पाणी काढलं, आतलं अस्तर खरवडून तपासणीला पाठवलं आणि कमरेच्या हाडाचा चुरा आत भरला. खरं सांगू, सुरुवातीला टाचेपेक्षा कंबरच जास्त बोंबलत होती. पावलाची बाहेरची कड अजून बधिर आहे. तिथून जाणारी नस दुखावली जाऊ शकते, हे आधीच सांगितलं होतं. भरलेलं हाड एकजीव होईपर्यंत कुबड्या.

पण माझ्यावरून भाचीचं ठरवू नका. मुलांमध्ये ही सिस्ट जास्त करून दंडात किंवा मांडीतच होते, आणि बहुतेकदा हाड मोडल्यावरच कळते. तिथे बऱ्याचदा आधी हात बांधून हाड जुळू देतात. मग गरज वाटली तर सुईने पाणी काढून स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, तेही अनेकदा पुन्हा द्यावं लागतं. वाढ पुरी झाल्यावर पुष्कळ सिस्ट आपोआप हाडाने भरून येतात. ताईला एवढंच विचारायला सांग, की सिस्ट हाडाच्या वाढीच्या पट्टीपासून, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढतं त्या जागेपासून, किती दूर आहे. पट्टीला चिकटलेली असेल तर पुन्हा पाणी साठून सिस्ट परत व्हायची शक्यता जास्त, आणि उपचार करतानाही पट्टीला जपावं लागतं.

तिचा पुढचा एक्स-रे झाला की कळव.

तुझा,
अनिल