वेल्श कवीने आपल्याकडे लिहिलेल्या इंग्रजी कवितांकडे आपण कधी पाहणार?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सध्या विद्यापीठांतल्या इंग्रजी विभागांच्या संशोधनावर लिहिले जात आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातून इंग्रजीची प्राध्यापिका म्हणून निवृत्त झाले. एम.ए.ची मुले अजूनही प्रबंधाचा विषय विचारायला घरी येतात, म्हणून अ‍ॅलन लुईस या वेल्श कवीच्या आपल्याकडच्या कवितांविषयी हे पत्र लिहिते आहे.

वेल्स हा ब्रिटनचा एक भाग; इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्श ही स्वतःची वेगळी भाषा असलेला. तिथल्या इंग्रजी साहित्यावरच्या अभ्यासपूर्ण निबंधाला एक पुरस्कार दिला जातो. तो तिथल्या स्वान्सी विद्यापीठातले ज्येष्ठ समीक्षक एम. विन टॉमस यांच्या नावाने आहे आणि ‘असोसिएशन फॉर वेल्श रायटिंग इन इंग्लिश’ ही अभ्यासकांची संघटना तो देते. त्यात एक खुला गट आहे आणि नवोदित संशोधकांसाठी दुसरा. पुरस्कार कवीला मिळत नाही, कविता नीट वाचणाऱ्याला मिळतो. मला या गोष्टीचे फार मोल वाटते.

वेल्सला अशा पुरस्काराची गरज का पडली, हे समजून घेण्यासारखे आहे. 2021 च्या जनगणनेत तिथल्या फक्त 17.8 टक्के लोकांनी वेल्श बोलता येते असे सांगितले. बाकीच्यांचे आयुष्य इंग्रजीत चालते. त्यांच्यातले जे लिहिते झाले, त्यांना वेल्श भाषेचे कैवारी आपले मानायला कचरत आणि लंडनवाले त्यांना प्रांतिक समजत. डिलन टॉमससारख्या एखाद्या कवीचे नाव जगभर झाले, पण कित्येकांची पुस्तके बाजारातून नाहीशी झाली. ती परत आणण्याचे काम अभ्यासकांनी आणि छोट्या प्रकाशकांनी केले. ‘होनो’ हे स्त्रियांचे प्रकाशनगृह 1986 पासून विसरलेल्या लेखिका पुन्हा छापते आहे. 2006 मध्ये ‘लायब्ररी ऑफ वेल्स’ ही मालिका सुरू झाली. विन टॉमस स्वतः वेल्शभाषक आहेत, दोन्ही भाषांत समीक्षा लिहितात, आणि एकाच भूमीतली दोन साहित्ये शेजारी ठेवून वाचायचा आग्रह धरतात.

आता आपल्या दाराशी येते. अ‍ॅलन लुईस हा या परंपरेतला महत्त्वाचा कवी. जन्म 1915, अ‍ॅबरडेअरजवळच्या क्वमामन या कोळशाच्या खाणींच्या गावी. साउथ वेल्स बॉर्डरर्स पलटणीचा अधिकारी म्हणून तो 1942 च्या अखेरीस हिंदुस्थानात उतरला, पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडून राहिला, आणि 5 मार्च 1944 रोजी ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर स्वतःच्याच पिस्तुलाच्या गोळीने गेला. वय अठ्ठावीस. पुढच्या वर्षी निघालेल्या त्याच्या संग्रहात ‘द मराठा घाट्स’ ही कविता आहे, ‘करंजे व्हिलेज’ आहे आणि ‘इन हॉस्पिटल : पूना’ या शीर्षकाच्या दोन आहेत. त्यांतल्या पहिलीत पुण्याच्या खाटेवर रात्री जागा असलेल्या या माणसाच्या डोळ्यांपुढे वेल्सचे डोंगर एकेक करून उभे राहतात. मी ती वर्गात वाचून दाखवत असे. अभ्यासक्रमात ती कधीच नव्हती.

‘करंजे व्हिलेज’ वाचताना मराठी माणसाला टोचते. डुकरे, गिधाडे, पडकी घरे, भीक मागणारी पोरे, गोऱ्या शिपायांना टाळून जाणाऱ्या मुली. पण ही नजर नुसत्या साहेबाची नाही. तिसाच्या दशकातली बेकारी लुईसने स्वतःच्या खोऱ्यात पाहिली होती, आणि तो मनाने समाजवादी होता. त्या मुली का टाळत होत्या? ऑगस्ट 1942 नंतरचे ते महिने, साताऱ्यात भूमिगतांची चळवळ पेटलेली. 1943 मध्ये तिथे प्रतिसरकार उभे राहिले. खाकी वर्दीतला गोरा म्हटल्यावर गावाने दार लावून घेतले, तर त्यात नवल काय! कवितेची ही बाजू मराठी साधनांतूनच उजेडात येईल.

त्याच कवितेत लाल साडीतली एक मुलगी खुळखुळा वाजवून माकडांना हाकलते आहे. तिकडच्या वाचकाला ती प्रतीक वाटेल. मला ती राखण करणारी पोर दिसते. लुईस आमच्या भागात आला ते दिवस शाळू भरण्याचे होते. पुढे उजाड माळावर दगडांच्या राशीपाशी त्याला दगडाचा छोटा विष्णू भेटतो आणि कविता तिथे एकदम शांत होते. असा माळावरचा एकटा देव आपल्याकडे म्हसोबा असेल, भैरोबा असेल; विष्णू असण्याची शक्यता मला कमीच वाटते. मग लुईसने त्याला विष्णू का म्हटले? त्याला नेमके काय हवे होते? शिवाय करंजे नावाची गावे आपल्याकडे एकाहून अधिक आहेत. साताऱ्याला लागून एक आहे, नीरेच्या पट्ट्यात सोमेश्वराचे एक आहे, जिथे श्रावणात जत्रा भरते. पलटणीच्या छावणीच्या नोंदी आणि जिल्ह्याचे गॅझेटिअर शेजारी घेऊन बसल्याशिवाय यावर बोलता येणार नाही. स्वान्सीतल्या अभ्यासकाने हे करावे अशी अपेक्षा कशी ठेवायची? हे काम आपले आहे.

आमची मुले हुशार आहेत, पण विषय तेच घेतात ज्यांवर आधीचे शंभर प्रबंध कपाटात आहेत, कारण मार्गदर्शकाला ते सोयीचे जाते. एका मुलीने लुईसचा विषय मांडला, तर ‘संदर्भग्रंथ कुठून आणणार?’ म्हणून तिला परत पाठवले गेले. ती माझ्याकडे आली तेव्हा रडवेली झाली होती. संदर्भ तिच्या आजोळच्या शिवारात होते, आणि ते वाचण्याची तयारी तिच्यापाशी होती. तिच्यासारखीने लिहिलेला निबंध वेल्सच्या त्या नवोदितांच्या गटात वाचला जावा, असे मला मनापासून वाटते. पुरस्कार मिळो न मिळो, अशा स्पर्धेसाठी लिहायचे म्हटले की पुरावा काटेकोर द्यावा लागतो आणि परीक्षकांपुढे आपले म्हणणे टिकवावे लागते. प्रबंधासाठी ही सवय आमच्याकडे कुणी लावत नाही.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे की लुईसच्या या चार कविता एम.ए.च्या एखाद्या सत्रात नेमाव्यात. छापील पाने दहाही होणार नाहीत. आणि कुणी विद्यार्थी यावर काम करायला तयार असेल तर संग्रहाची प्रत, माझी टिपणे आणि लागेल तितका वेळ मी देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवला आहे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, लोणंद (जि. सातारा)