संकलन हाती घेताना

चि. पिंटू यास अनेक आशीर्वाद,

तुला संजय गांधी निराधार योजनेचं संकलन, म्हणजे त्या कामाचं टेबल, मिळालं, हे काल बाबांकडून कळलं. फोनवर तू नाराज वाटलास म्हणे. जमीन शाखा हवी होती, हो ना? मलाही पहिल्या वर्षी तेच वाटलं होतं.

टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे कसे लावायचे हे तुला प्रशिक्षणात शिकवलं असेलच. तुझ्या टेबलावर चालू प्रकरणांचा गठ्ठा सगळ्यांना दिसतो, त्यामुळे तो हलतो. खरा घात करतो तो प्रतीक्षाधीनचा, म्हणजे उत्तराची वाट बघणाऱ्या प्रकरणांचा. आपण दुसऱ्या कार्यालयाला पत्र पाठवलं, उत्तर यायचंय, म्हणून कागद तिथे ठेवला की मन मोकळं होतं. चेंडू त्यांच्याकडे!

माझ्याकडे एका विधवा बाईचा अर्ज होता. तलाठ्याचा अहवाल मागवला आणि प्रकरण त्या गठ्ठ्यात टाकलं. ती बाई दर सोमवारी एसटीने यायची, "बाई, माझा कागद कुठं अडकला?" विचारायची. "अहवाल यायचाय," एवढं माझं ठरलेलं उत्तर. अकरा महिन्यांनी दप्तर तपासणी लागली म्हणून मी गठ्ठा सोडला. अहवाल त्याच गठ्ठ्यात होता, नऊ महिन्यांपूर्वीचा आवक शिक्का मारलेला. माझ्याच हाताने मी तो प्रकरणाला न लावता आत सारला होता. तिला काय सांगितलं ते मी आजवर कुणालाच बोलले नाही.

तेव्हापासून प्रतीक्षाधीनच्या प्रत्येक प्रकरणावर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकायची: या दिवशी स्मरणपत्र. दर शुक्रवारी चारनंतर फक्त तो गठ्ठा. कार्यविवरण नोंदवहीत शिल्लक कामाचा आकडा कमी दिसावा म्हणून तिकडे प्रकरणं ढकलू नकोस, सगळेच ढकलतात. बदल्यांचा आणि विलंबाचा 2005 चा कायदा एकदा नीट वाच. एका कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात लिहिलेलं आहे. साहेब ओरडले की सगळ्यांना तो आठवतो.

साहेबांच्या निर्णयासाठी फाईलवर लिहायच्या टिप्पणीचं सांगते. "आदेशार्थ सादर" एवढ्यावर थांबलास तर फाईल तुझ्याकडेच परत येणार. नियम कोणता, पात्र की अपात्र, तुझा प्रस्ताव काय, हे शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिही. आधाराच्या कागदाला पताका, म्हणजे खुणेची चिठ्ठी, लाव. रात्री दौऱ्यावरून आलेला माणूस पानं उलटत बसत नाही. आणि ई-ऑफिस आलं म्हणून हे काही बदललं नाही, फक्त पेन्सिलीची जागा नाही तिथे.

दुय्यम सेवा परीक्षा मात्र लांबवू नकोस. बढती मिळून अव्वल कारकून व्हायची वाट तिथूनच जाते. माझ्याबरोबरचे दोघे "पुढच्या वेळी बघू" म्हणत राहिले आणि ज्येष्ठता असून मागे पडले. टेबल बदलायची संधी आली, तर निवडणूक शाखेलाही नाही म्हणू नकोस. झोप जाते, पण सगळं कार्यालय ओळखीचं होतं.

माझी परीक्षेची वही बाबा रविवारी आणतील. त्यातल्या बऱ्याच तरतुदी आता बदलल्यात, पण समासात लिहिलेले प्रश्न बघ. बाबांसोबत शेंगदाण्याची चटणी आहे, आणि मागचे दोन डबे परत पाठव.

तुझी,
आई