‘नको’ आधी द्या, असं सांगणाऱ्या दादाला

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव लिहीत नाही. ‘पत्र सगळ्यांना वाचू द्या, नाव झाका’ असं तूच टॅबवर टाईप करून दाखवलंस, आणि खाली ‘रडकं लिहू नका’ अशीही अट घातलीस. पहिली अट पाळते. दुसरीचं बघू.

लेकीला ऑटिझम आहे हे कळल्यापासून आम्हाला सांगणारे पुष्कळ भेटले. डोळ्यात बघत नाही, नावाला ओ देत नाही, हात फडफडवते, शब्द नाहीत, असं सगळं कागदावर आलं. खोटं त्यात काहीच नव्हतं, पण ते सगळं बाहेरून दिसणारं होतं. नातेवाइकांनी मोबाईलला दोष दिला. (अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ साली अशा अकरा मुलांवर लेख लिहिला, आणि पुढची कितीतरी वर्षं तिकडे थंड मनाच्या आयांना दोष देत बसले होते. तेव्हा मोबाईल नव्हता, आई हाताशी होती.) आतून काय होतं ते मात्र कुणी सांगितलं नाही. ते आमच्याच सोलापूरच्या पूर्व भागात, दोन घरं पलीकडे राहणाऱ्या, तोंडाने न बोलणाऱ्या पोराकडून, म्हणजे तुझ्याकडून, कळायचं होतं.

आता शंकेखोरांसाठी थोडं लिहिते, कारण हे पत्र तेही वाचतील. ‘त्याची आईच लिहीत असेल’ हे मी गल्लीत ऐकलंय. शंका अगदीच वावगी नाही. मुलाचा हात नाहीतर कोपर धरून त्याचं बोट अक्षरांवर न्यायची एक पद्धत मध्यंतरी फार गाजली होती. नीट चाचण्या घेतल्या तेव्हा शब्द हात धरणाऱ्याचे निघाले. अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली ती पद्धत वापरू नका असं स्वच्छ सांगितलं. मुलापुढे अक्षरांचा फळा धरून लिहून घेण्याच्या पद्धतीलाही तोच नकार दिला. तुझं तसं नाही. टॅब टेबलावर स्टँडला टेकवलेला असतो, तू एका बोटाने टाईप करतोस, आणि तुझी आई आत भाकऱ्या थापत असते. शिवाय तुझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. तिचं चुकत नाही, ती मराठी शाळेत बाई होती.

एक ओळ लिहायला तुला बराच वेळ लागतो. मध्येच उठतोस, चकरा मारतोस, पंख्याकडे बघून हसतोस, आणि परत येऊन अर्धा राहिलेला शब्द तिथूनच पुढे नेतोस. पहिल्यांदा मला वाटलं होतं, झालं याचं, कंटाळला. तुझी आई आतूनच म्हणाली, ‘बसा हो, येतोय तो.’

लेकीला पाणी हवं असतं, पेला समोर असतो, तरी ती तो घेत का नाही, हे मी तुला विचारलं होतं. तू लिहिलंस, ‘ताणा नीट. बाणा नीट. धोटा अडकतो.’ मागवाल्याच्या नातवाला शोभेल असंच लिहिलंस: उभे-आडवे धागे नीट असतात, पण आडवा धागा नेणारा धोटाच मध्ये अडकतो. काय करायचं ते डोक्यात पक्कं असतं, पण तोंडाला आणि हाताला गेलेला हुकूम वाटेत अडकतो. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंना हे दाखवलं, तर त्या म्हणाल्या की याला अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात, न बोलणाऱ्या सगळ्याच मुलांना तो असतो असं नाही, पण बऱ्याच जणांत दिसतो. त्या दिवसापासून घरात एक नियम केला. प्रश्न एकदाच विचारायचा आणि गप्प बसायचं. आमच्याकडे एक प्रश्न तिघंजण तीनदा विचारतात, तेही आवाज चढवत. तू म्हणालास, ‘दुसऱ्यांदा विचारलं की पहिल्यापासून सुरू करावं लागतं.’

आवाजाचं सांगितलंस ते तर मला सुचलंच नसतं. आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतो. पाहुण्यांना त्या खडखडाटात झोप येत नाही, आणि ही त्यातच गाढ झोपते. पण कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून पलंगाखाली जाते. घरचे म्हणायचे, नाटकं आहेत, कान दुखत असते तर मागाचाही त्रास झाला असता. तू लिहिलंस, ‘माग सांगून वाजतो. कुकर न सांगता.’ एवढंच. आता कुकर लावला की मी तिला आधी दाखवते, शिट्टी व्हायला आली की बोट वर करते. कान ती अजूनही झाकते, पण पलंगाखाली जात नाही.

कपड्यांची गंमत तर तुला ठाऊकच आहे. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात दिवसभर कॉलरला लेबलं शिवते. घरी येऊन लेकीच्या फ्रॉकची लेबलं ब्लेडने उसवते, आणि खाली राहिलेलं दोऱ्याचं टोकही चिमट्याने काढते. ते टोक टोचतं हेही तूच सांगितलंस. लेबल काढलं की झालं, असं मी धरून चालले होते.

आपल्या गावात माणूस मराठीत भाव करतो, तेलुगूत चिडतो, कन्नडमध्ये देवाला बोलावतो आणि हिंदीत रिक्षा थांबवतो. तू लहान असताना कुणीतरी तुझ्या घरच्यांना सांगितलं होतं की एकच भाषा बोला, पोराचा गोंधळ होतो. नानम्माने, म्हणजे तुझ्या बाबांच्या आईने, ते मनावर घेतलं आणि तुझ्याशी बोलणंच सोडलं, कारण तिला तेलुगूखेरीज धड काही येत नव्हतं. मग तुला टाईप करता आलं आणि तू देवनागरी अक्षरांत तिचं तेलुगू लिहून दाखवलंस. ती शेजारणीला सुनेबद्दल जे सांगायची तेच, शब्दाला शब्द! तुझी आई अजून हसते. नानम्मा हसत नाही म्हणे. आमच्याकडे त्यानंतर लेकीच्या डोक्यावरून बोलणं बंद झालं. ‘हिचं पुढं कसं व्हायचं’ हे वाक्य आता तिच्यासमोर कुणी काढत नाही. सासूबाई चुकून काढतात, पण मग स्वतःच जीभ चावतात.

डोळ्यात बघण्याचं तू एका वाक्यात उरकलंस: ‘बघू की ऐकू, एक सांगा.’

आणि ज्यासाठी खरं हे पत्र, ते ‘नको’. आम्ही आयआयटी मुंबईचं ‘जेलो’ अ‍ॅप घेतलं होतं. फुकट आहे, मराठीत चालतं, चित्रावर बोट ठेवलं की शब्द बोलतं. सोबत हाताने काढलेली कार्डंही केली होती, त्यात पाणी, खाऊ, शू, आई असं सगळं होतं. यानं पोरगी बोलायचा आळस करेल ही भीती घरात होतीच. ताईंनी समजावलं की अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, उलट काही मुलं यानंतर जास्त बोलू लागतात. कार्डं तुला दाखवली. तू ती टेबलावर पसरलीस, परत गोळा केलीस, आणि लिहिलंस, ‘नको कुठाय?’

खरंच नव्हतं. आम्ही तिला मागायला शिकवत होतो, नाकारायला नाही. तू म्हणालास, ‘नको नसलं की चावावं लागतं.’ तुझ्या मनगटावरचे जुने वण मला दिसत होते. त्याच रात्री लाल खडूने मोठा हात काढून ‘नको’चं कार्ड केलं.

पुढचे काही दिवस घरात नुसता ‘नको’चा सुकाळ. आंघोळ नको, वेणी नको, भात नको, आत्या नको. आत्या रुसली. सासूबाई म्हणाल्या, चांगलं शिकवलंत पोरीला. पण जे टाळता येण्यासारखं होतं ते आम्ही खरंच टाळलं, आणि आंघोळीसारखं टाळता येणार नव्हतं तिथे ‘ऐकलं तुझं, पण आंघोळ करायची आहे’ असं सांगितलं. आता ती चावत नाही असं म्हणणार नाही. चावते, पण आधी कार्ड उचलते. परवा तिने ते माझ्या हातात दिलं नाही, नुसतं उचलून बाजूला ठेवलं आणि ‘पाणी’ दाबलं.

मी हुरळून तुला आणखी प्रश्नांची यादी घेऊन आले, तेव्हा तू मला चांगलंच ओळीवर आणलंस. ‘काकू, मी ती नाही. तिला विचारा.’ तुला गर्दी आवडते, तिला आवडत नाही. तुला उशीचं ओझं अंगावर बरं वाटतं, ती चादरही लाथाडते, आणि ती सोलापुरातली पोरगी! तेव्हा बाकीचं तिच्याकडूनच शिकते आहे.

एक मात्र तुझ्या बाबांचेही आभार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा, अठरा पूर्ण झाली की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो, हे त्यांनी कागद मांडून समजावलं. तुझ्या अठराव्या वर्षी एका खिडकीवर कुणीतरी तुझ्यासमोरच विचारलं होतं, ‘याला काय कळतं का?’ घरी येऊन तू लिहिलंस, ‘कळतं. त्यांचं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे.’

जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, आपल्या गड्ड्याला, लेकीला नेऊ की नको, हे विचारायचं होतं. मिरवणुकीतले नंदीध्वज तिला दाखवावेत असं वाटतं, पण शोभेच्या दारूकामाला मी तिला नेणार नाही. तू दरवर्षी कुठे उभा राहतोस ते सांग. सवडीने सांग, मी थांबेन.

तुझी,
काकू

ता. क. डब्यात शेंगाचटणी आहे, लसूण घातलेला नाही. नानम्माला वेगळी पाठवली आहे, तिच्यात घातलाय.