तपासाचा खर्च कोणाच्या खिशातून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस दलात नवी भरती होणार अशी बातमी आली की माझ्या दुकानातले गिऱ्हाईक म्हणते, 'बरे झाले, आता गस्त वाढेल.' मी मान हलवतो आणि झेरॉक्स काढत राहतो. उत्तर गोव्यातल्या एका पोलीस स्थानकासमोर, रस्त्याच्या पलीकडे माझे दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, रबरी शिक्के. 22 वर्षे झाली. स्थानकाचे नाव लिहीत नाही, कारण उद्या सकाळी पुन्हा समोरासमोर शटर उघडायचे आहे.

माझ्याकडे उधारीची एक लांब वही आहे. तिच्यातली निम्मी पाने पोलिसांची. आरोपपत्र कोर्टात गेले की, आरोपी कोर्टात हजर झाल्यापासून 14 दिवसांत, त्याला त्याची प्रत फुकट द्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 230. तीन आरोपी आणि दोनशे पाने असतील, तर कोर्टाची प्रत धरून आठशे झेरॉक्स झाल्या. दोन रुपयांच्या हिशेबाने 1,600 रुपये. आरोपीला फुकट हे ठीक, पण मला कोणीतरी द्यायला हवेत. स्थानकात मशीन आहे. कधी टोनर संपलेला, कधी कागद. मग तपास करणारा उपनिरीक्षक नाहीतर हवालदार गठ्ठा काखेत मारून रस्ता ओलांडतो. 'फाल्यां दितां', म्हणजे उद्या देतो, म्हणतो. बहुतेक जण देतात, आणि पाकीट स्वतःचेच काढतात. बिल मागणारे थोडे. बिल मंजूर होईपर्यंत आपण इथे असू, याची त्यांना खात्री नसते.

त्या गठ्ठ्यांत साक्षीदारांची नावे, पत्ते, मोबाइल नंबर असतात. सगळे माझ्या मशीनच्या काचेवरून जाते. मी वाचत नाही. पण झेरॉक्सवाला वाचत नाही एवढ्यावर साक्षीदाराने विसंबून राहावे, ही काही व्यवस्था झाली नाही.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि वहीत नव्या नोंदी आल्या. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता सक्तीचे. मोबाइल मात्र हवालदाराचा. मुलीच्या वाढदिवसाचे व्हिडिओ पुसून जागा करणारा माणूस मी माझ्या काउंटरवर पाहिला आहे. पेनड्राइव्ह माझ्याकडून जातो. असा डिजिटल पुरावा कोर्टात देताना लागणारे साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र, त्यातल्या हॅश व्हॅल्यूच्या (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळायच्या सांकेतिक आकड्याच्या) रकान्यासकट, मीच टाईप करतो. कायदा चांगला केला. त्याच्या पेनड्राइव्हचे पैसे कोणी द्यायचे तेवढे राहून गेले. कामासाठी स्वतःचे पैसे घालणाऱ्या माणसाला ते कुठूनतरी भरून काढावेसे वाटू शकते. सगळे काढत नाहीत. पण ज्याला काढायचेच आहेत, त्याच्या हाती आपण आयते निमित्त दिले.

आता माणसांचे. 2024 च्या डिसेंबरात माझ्या मावशीच्या वयाची एक बाई आली. दुचाकीवरून आलेल्या पोराने गळ्यातली साखळी ओढून नेली होती. भारतीय न्याय संहितेत हिसकावण्यासाठी आता स्वतंत्र कलम आहे, 304. मी तक्रार टाईप केली, दोन प्रती काढल्या, एकीवर पोच घ्या म्हणून सांगितले. ती परत आली. साहेब बंदोबस्ताला गेले होते. तो मोसमच तसा होता: नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, 21 नोव्हेंबरपासून 5 जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे शवप्रदर्शन, मध्ये नाताळ आणि थर्टी फर्स्ट. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, तेव्हा साहेब कोर्टात. तिसऱ्या खेपेला बदली होऊन दुसरे साहेब आले होते आणि त्यांनी सगळे पहिल्यापासून सांगायला लावले. त्या दिवशी मी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगून ठेवले आहे. म्हणून मी तिला म्हटले, पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अर्ज करूया. तिने विचारले, 'कोणाविरुद्ध लिहिणार?' मी कीबोर्डवर बोटे ठेवून तसाच बसलो. पहिला बंदोबस्तावर होता, वरच्यांच्या हुकमाने. दुसऱ्या वेळी कोर्टाचे समन्स. तिसऱ्याला येऊन चार दिवस झालेले. त्या जागी कोणाचेच नाव बसेना. अर्ज झालाच नाही. आणि झाला असता तरी सुनावणीला पणजी. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणच्या माणसालाही पणजीच.

तपासाची माणसे आणि बंदोबस्ताची माणसे वेगळी करा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 22 सप्टेंबर 2006 च्या प्रकाश सिंग निकालातच आहे. पण सुरुवात 10 लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांपासून आणि मग हळूहळू लहान शहरांत, असे त्यात म्हटले आहे. 2011 च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या राज्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार. म्हणजे म्हापसा, मडगाव, वास्को ही सगळी त्या 'हळूहळू'त बसलेली. स्थानकाच्या प्रमुखाला किमान दोन वर्षे हलवू नका, हेही त्याच निकालात आहे. गेल्या दहा वर्षांत मी समोरच्या निरीक्षकांचे आठ शिक्के बनवले. धंद्याला चांगले आहे, नाही म्हणणार नाही. आपल्याकडे काही बिघडले की बदली हेच उत्तर. शिरगावला 3 मे 2025 च्या पहाटे श्री लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली, तेव्हाही लगोलग बदल्यांचीच बातमी आली होती.

भरतीला माझा विरोध नाही. पण नवे शिपाई आले तरी तेही डिसेंबरात जुन्या गोव्याला किंवा किनाऱ्यावर उभे राहणार असतील, तर त्या बाईला काय मिळाले? प्रत्येक स्थानकात दोन-तीन तपास अधिकारी असे ठेवावेत की व्हीआयपी आला तरी त्यांना हलवायचे नाही. त्यांची नावे दाराशी फळ्यावर लिहावीत, आणि त्याखाली आज हजर किती, बंदोबस्ताला किती. कागद, टोनर, पेनड्राइव्ह यांसाठी निरीक्षकाच्या हाती थोडी रोख रक्कम असावी, हिशेबासह.

गृहखाते मुख्यमंत्र्यांकडेच आहे, म्हणजे विधानसभेत विचारायचे कोणाला हा घोळ नाही. झेरॉक्स आणि स्टेशनरीसाठी प्रत्येक स्थानकाला वर्षाला किती रुपये मिळतात, एवढा एकच प्रश्न कोणी आमदाराने लावावा. माझ्या वहीत आजची बाकी 11,340 रुपये आहे. प्रश्न टाईप करून मी देईन, वर तीन प्रती फुकट.

आपला,
एक झेरॉक्स दुकानदार, उत्तर गोवा
(नाव व पत्ता संपादकांकडे)