दंडवते सर, त्या दोन इंचांबद्दल थँक्यू

प्रा. मधु दंडवते सर,
सा. न. वि. वि.

तुम्ही २००५ लाच गेलात, म्हणजे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही ते कळतंय. पण आभार तुमचेच मानायचे राहिलेत, मग दुसऱ्या कोणाला लिहू.

आधी त्या फोमबद्दल. आजची पोरं स्लीपरचा बर्थ कडक आहे म्हणून कुरकुरतात, त्यांना सांगून खरं वाटत नाही की पूर्वी सेकंड क्लासला नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. आई सांगते, रात्रभर झोपून (झोपून कसलं, कुशी बदलून) सकाळी उठलं की फळ्यांच्या फटींचे वळ अंगावर दिसायचे, म्हणून लोक घरून वळकटी बांधूनच निघायचे. तुम्ही १९७७ ला रेल्वेमंत्री झालात आणि त्या फळ्यांवर दोन इंच फोम टाकायला लावला. आधी मोठ्या गाड्यांना, मग हळूहळू सगळीकडे. तुमचं म्हणणं साधं होतं, फर्स्ट क्लासला खाली खेचायचं नाहीये, सेकंड क्लासला वर आणायचंय. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सोडलीत, सगळे डबे एकाच वर्गाचे. समाजवादावर भाषणं ठोकणारे पुष्कळ झाले हो, पण जनतेच्या पाठीला तो लागला तुमच्यामुळे!

मला यात तुमच्यातला सिद्धार्थ कॉलेजचा फिजिक्सचा प्राध्यापक दिसतो. घोषणा नंतर, आधी अडचण नेमकी कुठे आहे आणि किती जाडीचा फोम लागेल ते बघा. जाताना देहसुद्धा जेजे हॉस्पिटलला दिलात, म्हणजे शिकवणं शेवटपर्यंत सुटलं नाहीच.

अजून एक. ७४ च्या रेल्वे संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांना तुम्ही परत कामावर घेतलंत. तेव्हा तुम्ही आणीबाणीतली बंगळूरची जेल भोगून आलेले, तुमच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या जेलमध्ये होत्या. दुसरा कोणी असता तर खुर्ची मिळाल्या मिळाल्या आधी स्वतःचे हिशोब चुकते करत बसला असता.

आणि कोकण रेल्वे! आम्ही राजापूर मतदारसंघातले, ७१ पासून ओळीने पाच वेळा तुम्हाला निवडून दिलं, तरी निम्मा गाव म्हणायचा, या डोंगरातनं कुठली येतेय गाडी. तेव्हा मुंबईहून गावी जायचं म्हणजे रात्रभर कशेडी घाटाची वळणं आणि हातात लिंबू धरून बसलेल्या बायका. मग ९० साली योग जुळला, तुम्ही अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि बांधायला इंजिनिअर श्रीधरन साहेब. नेहमीच्या बजेटातनं एवढा पैसा निघणं कठीण, म्हणून वेगळं कॉर्पोरेशन काढलं, रेल्वेचा ५१ टक्के वाटा आणि बाकीचा महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळचा, वर रोखे काढून पैसा उभा केला. ते सरकार अकरा महिन्यांत पडलं, त्यामुळे अर्थमंत्री म्हणून तुमचं बाकी काही फारसं कोणाला आठवत नाही (सुवर्ण नियंत्रण कायदा गेला तो तुमच्याच वेळी, सोनारांनी तरी विसरू नये), पण हे एक काम पुरेसं आहे. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंतची अख्खी लाइन सुरू झाली. त्याच्या आधीच ९१ ला आमच्या कोकणाने तुम्हाला पाडलं होतं. आमच्या घरातली मतं तेव्हा कुठे गेली ते मी अजून विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

असो. या शुक्रवारी आईला घेऊन तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडीला निघालोय, स्लीपरच आहे, तिला लोअर बर्थ मिळालाय. मनापासून थँक्यू सर.

तुमच्या जुन्या मतदारसंघातला एक प्रवासी