आठ नोडच्या क्लस्टरवर ओएस कुठली टाकायची ते सांगणाऱ्या दादांना थँक्यू

दादा, थँक्यू म्हणायला चार महिने लावले कारण आधी सगळं नीट चालतंय का ते बघायचं होतं, आज आभार मानायचे आणि उद्या परत रडत यायचं, ते काही बरं दिसलं नसतं.

मी पहिला मेसेज केला तेव्हा आठ नोड (एकत्र काम करणारे कॉम्प्युटर), त्यांना सांभाळणारा एक हेड नोड आणि डोक्यात नुसता गोंधळ होता. सगळीकडे सेंटओएस ७ (रेड हॅटवर बेतलेली फुकटची लिनक्स), तिचा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपलेला, आणि नवीन काही टाकायला गेलं की 'जीलिबसी २.२८ नॉट फाउंड', कारण जीलिबसी म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणारी मूळ लायब्ररी, आणि ७ मध्ये ती २.१७ च आहे. एकाने तर सांगितलं होतं नुसती जीलिबसी बदलून टाक, बरं झालं ऐकलं नाही, नाहीतर फाइलींची यादी दाखवणारी साधी एलएस कमांडपण चालली नसती. माझं ठरलेलं होतं, रोलिंग रिलीजवाली (सतत नवीन अपडेट येत राहणारी) डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, टाकायची, लॅपटॉपवर तीच आहे, हात बसलाय, कर्नल (ओएसचा गाभा) एकदम ताजा.

तुम्ही हो पण म्हणाला नाहीत आणि नाही पण. फक्त विचारलंत, 'यावर चालणार काय काय, आणि तू गेलास की सांभाळणार कोण?'

पहिल्याचं उत्तर काढायला दोन दिवस गेले, प्रत्येकाकडे जाऊन यादी केली. निघालं काय, तर निम्मी पॅकेजं तयार बायनरीच (आधीच कंपाइल केलेली) मिळतात आणि त्यांच्या इन्स्टॉल गाइडमध्ये रेड हॅट ८ नाहीतर ९ लिहिलेलं, वर इन्फिनिबँडचा (नोड जोडणाऱ्या वेगवान नेटवर्कचा) ड्रायव्हर त्या त्या कर्नलसाठी बिल्ड करावा लागतो, म्हणजे माझा ताजा कर्नल आला की दर वेळी तेच दळण. दुसऱ्याचं उत्तर तर नव्हतंच माझ्याकडे.

मग रॉकी ९ ठरली, रेड हॅट ९ शी जुळणारी फुकटची डिस्ट्रो. तेव्हा मी सेंटओएस ८ चं रडगाणं लावलं होतं, २०२९ पर्यंत म्हणाले आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर करून २०२१ संपताना बंदच केली. तुम्ही म्हणालात भीती बरोबर आहे, त्यातूनच तर रॉकी आणि अल्मा आल्या, एक बुडाली तर दुसरीवर जाता येईल, आणि ९ ला अपडेट मे २०३२ पर्यंत आहेत. वर हेही सांगितलंत की 'तुमच्या लोकांचा सगळा कोड उबंटूवर बसवलेला असता तर मी तिचीच एलटीएस (जास्त वर्षं सपोर्ट असलेली आवृत्ती) टाक म्हटलं असतं.' हे मला फार आवडलं, नाहीतर डिस्ट्रोचं नाव काढलं की लोक भांडायलाच उठतात.

पण खरं थँक्यू त्या रात्रीचं. स्लर्म (कामं नोडवर वाटून देणारा प्रोग्रॅम) लावलं, सात नोड आले आणि पाचवा नोड काही केल्या डाऊन. मंजची (नोड एकमेकांची ओळख पटवतात त्या प्रोग्रॅमची) की मी तीनदा कॉपी केली, परमिशन बघितल्या, फायरवॉल बंद करून बघितली, शेवटी साडेअकराला तुम्हाला लॉग पाठवला. त्यात 'एक्सपायर्ड क्रेडेन्शियल' (ओळखपत्राची मुदत संपली) होतं जे मी वाचून सोडून दिलेलं. तुम्ही एवढंच लिहिलंत, 'डेट टाइप कर.' घड्याळ अकरा मिनिटं मागे! मंजचं क्रेडेन्शियल पाच मिनिटंच चालतं, त्या बोर्डाची बॅटरी गेलेली आणि घड्याळं जुळवणारं क्रोनी मी सुरूच केलं नव्हतं. सुरू केलं, नोड आला. मी खुर्चीतच हसत बसलो.

तुमच्या सांगण्यावरून वेअरवुल्फपण लावलं, आता आठही नोड एकाच इमेजवरून बूट होतात, त्यामुळे 'तिसऱ्यावर चालतं, सहाव्यावर नाही' ही तक्रार येत नाही. युआयडी (प्रत्येक युजरचा नंबर) सगळीकडे सारखे ठेवले, तेही तुम्ही बजावलं होतंत म्हणून, नाहीतर एनएफएसवर (सगळ्या नोडच्या सामायिक फाइलींवर) कोणाच्याही फाइली कोणाच्याही नावावर दिसल्या असत्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरपण सापडलंय. एक ज्युनिअर मुलगी शिकतेय, मागच्या आठवड्यात तिने एकटीने इमेज अपडेट केली आणि मी हात लावला नाही, खूप मोह झाला तरी. कंटेनर चालवणारं ॲपटेनर बाकी आहे, त्याचा मेसेज तीच करेल तुम्हाला, आणि साडेअकराला करू नको म्हणून सांगितलंय.