जुना फोन लगेच देऊ नका

महोदय,

सणासुदीच्या पानभर जाहिरातींत ‘जुना अँड्रॉइड द्या, आयफोन घ्या’ असं ठळक छापलेलं असतं. पण ऑनलाइन मागवलेला फोन घेऊन येणारा माणूस जुना फोन तपासतो, त्यातली सगळी माहिती पुसायला लावतो आणि त्याच फेरीत घेऊनही जातो. प्लॅटफॉर्म बदलणाऱ्याचं, म्हणजे अँड्रॉइड सोडून आयफोनवर जाणाऱ्याचं, नुकसान होतं ते याच पाच-दहा मिनिटांत.

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाताना गुगल ड्राइव्हचा बॅकअप पुरतो. आयफोनवर जाताना नाही. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप ड्राइव्हवर असतो आणि आयफोनवरचं व्हॉट्सॲप तो वाचतच नाही, त्याला ॲपलच्या आयक्लाउडवरचा लागतो. जुने चॅट न्यायचे तर दोन्ही फोन चार्जिंगला लावून शेजारी शेजारी ठेवावे लागतात. जुन्या फोनवर ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप घ्यायचं, आयफोन कोरा ठेवायचा, त्यावर दिसणारा कोड जुन्या फोनमध्ये टाकायचा आणि यादीतून व्हॉट्सॲप निवडायचं. नंबर दोन्हीकडे तोच हवा. दुकानातल्या मुलानं हौसेनं आयफोन सुरू करून दिला असेल, तर तो रीसेट करूनच पुढे जावं. नव्या फोनवर व्हॉट्सॲप आधीच वापरायला घेतलं असेल, तर जुने चॅट त्यात मिसळता येत नाहीत.

हे काम मध्येच तुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मोबाइल डेटा. आयफोन स्वतःचं तात्पुरतं वायफाय तयार करतो, त्यावर इंटरनेट नसतं. अँड्रॉइडला वाटतं वायफाय बिघडलं, आणि तो डेटावर उडी मारतो. डेटा आणि ‘स्मार्ट नेटवर्क स्विच’सारखी सोय आधी बंद करावी, ॲप पडद्यावरून हलवू नये, फोन आला तरी घेऊ नये. अँड्रॉइडनं ‘पूर्ण झालं’ म्हटलं तरी आयफोनवरची पट्टी भरेपर्यंत थांबावं. फोटो-व्हिडिओ भरपूर असतील तर रात्री लावून झोपावं हे बरं.

त्याहून अवघड गाठ सिमची. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये प्लास्टिकचं सिम एकच बसतं, दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच असलेल्या डिजिटल सिमवर, न्यावा लागतो. आयफोन एअरला तर सिमचा ट्रेच नाही. नंबरचं नवं सिम काढलं किंवा तो ई-सिमवर नेला की दूरसंचार विभागाच्या नियमानं पहिले 24 तास त्या नंबरची एसएमएस सेवा बंद राहते. फसवून दुसरं सिम काढणाऱ्यांना चाप लावणारा हा नियम योग्यच आहे. पण यूपीआय ॲप नवा हँडसेट ओळखतं ते त्याच नंबरवरून गेलेल्या एसएमएसनं. म्हणून बँकेला जोडलेला नंबर प्लास्टिकच्या सिमवरच राहू द्यावा आणि दुसरा ई-सिमवर न्यावा. आयफोनवर हा एसएमएस आपोआप जात नाही. तयार मजकुराची चौकट उघडते आणि पाठवायचं बटण आपण दाबायचं असतं. दाबण्याआधी वर कोणता नंबर निवडला आहे ते पाहावं. बँकेचा नंबर निवडलेला नसेल तर नोंदणी फसते आणि लोक बँकेला दोष देत बसतात. शिवाय नव्या हँडसेटवर सुरुवातीला पाच हजारांची मर्यादा असते. अँड्रॉइडवर साधारण 24 तास, आयफोनवर काही बँकांत 72 तास. घरभाडं, फी, हप्ता आधीच उरकावा.

आयमेसेज आणि फेसटाइम या ॲपलच्या संदेश आणि व्हिडिओ कॉलच्या सेवा सुरू होताना फोन गुपचूप एक परदेशी एसएमएस पाठवतो. पॅक मारलेला आहे पण मुख्य बॅलन्स शून्य, अशा प्रीपेड नंबरवर ते अडकून पडतं.

विकत घेतलेली अँड्रॉइड ॲप्स सोबत येत नाहीत. प्ले स्टोअरवरची मासिक वर्गणी मात्र आपण रद्द करेपर्यंत कापली जाते. गुगलकडे 15 जीबी फुकट, आयक्लाउडवर पाचच. मेमरी कार्डला जागा नाही. मराठी टायपिंग दुकानातच चार ओळी लिहून पाहावं.

‘अँड्रॉइडला अपडेट मिळत नाहीत’ म्हणून बदलत असाल तर आधी मॉडेल पाहा. 2023चा पिक्सेल 8 आणि 2024ची गॅलेक्सी एस24 मालिका यांना सात वर्षांचं आश्वासन आहे. 2018चा आयफोन एक्सआर 2025च्या आयओएस 26 या आयफोनच्या प्रणालीतून गळाला, म्हणजे तिथेही सातच वर्षं झाली. स्वस्त अँड्रॉइडबाबत ही तक्रार अजून खरी आहे.

विक्रेत्यांकडे मागणी एकच आहे: प्लॅटफॉर्म बदलणाऱ्या ग्राहकाचा जुना फोन डिलिव्हरीच्या वेळी न घेता आठवडाभरानं न्यावा. तोवर एक्स्चेंज सोडून फोन नंतर वेगळा विकणं परवडतं, चार पैसे कमी आले तरी. ऑथेंटिकेटरचे (खात्यात शिरताना ॲपमधून मिळणारे) कोड नव्या फोनवर उघडताहेत आणि यूपीआयवरून एक रुपया जाऊन आला, याची खात्री झाल्यावरच जुन्या फोनमधून गुगल खातं काढावं आणि मग तो पुसावा.

– मोबाइल दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, नाशिक